काँगोचा पाहुणा

२००६ साली आम्ही सिंगापुरात, वुडलँड्सला राहत होतो. मी तुआसला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होतो. तिथला सहकारी लिम शांघायला बदलून गेला आणि जाताना आपली भलीमोठी काचेची टाकी आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. टाकीत एकच मासा होता, काँगो नदीतला टायगरफिश. हातभर लांब, चांदीच्या रंगाचा, आणि दात असे की तोंड मिटलं तरी बाहेरच.

"घरावरचं संकट हा स्वतःवर घेतो, लाह," लिम तिथल्या बोलीच्या ढंगात म्हणाला. मी हसून मान हलवली. आमच्या घरावरचं संकट माझ्या बायकोच्या, सविताच्या यकृतात होतं. लिंबाएवढी गाठ. दीड महिन्याने पुन्हा सोनोग्राफी करायची होती. तोवर ती वाढली, तर ऑपरेशनही होण्यासारखं नव्हतं.

हा मासा जिवंत मासेच खातो, असं लिमने बजावलं होतं. सविताने पहिल्याच दिवशी ते मोडीत काढलं.

"या घरात रोज पंचशील म्हटलं जातं, प्रबोध. जिवंत जीव कुणापुढे टाकायचा नाही."

"आणि तू बोंबील खातेस ते?"

"ते बाजारात मेलेलेच मिळतात. वाद नको घालूस. आत्ता तर नकोच."

आत्ता का नको, ते मला कळलं. मी निमूटपणे कोळंबी सोलून टाकीत टाकायला लागलो. पाहुणा तिला तोंड लावेना. संध्याकाळी घरी आलो की नासलेली कोळंबी जाळीने काढायची, हे माझं कामच होऊन बसलं.

मासा खंगेल असं मला वाटलं होतं. उलट त्याचं पोट गोल होत गेलं. मी टाकीचं झाकण तपासलं, फिल्टर उघडून पाहिला. आत काही गेल्याशिवाय पोट भरत नाही, एवढं इंजिनिअरलाही कळतं. आत काहीच जात नव्हतं.

आधी तो फिल्टरच्या धारेकडे तोंड करून असायचा. आता सोफ्याच्या बाजूच्या काचेला लागून असायचा. त्या सोफ्यावर सविता दुपारची पडायची.

एका शनिवारी मी लवकर घरी आलो. हॉलमध्ये लख्ख ऊन होतं. सविता झोपली होती, उजवा हात बरगडीखाली. टाकीत मासा स्थिर होता, पण जबडा हलत होता. शांतपणे, चवीने.

जबडा मिटला की सविताच्या पायाची बोटं आखडत.

पाणी किंचित गुलाबी झालं होतं.

मी जाळी उचलली. मला भयंकर भीती वाटत होती, हे सांगायला लाज कसली?

"राहू दे त्याला," सविता म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"सविता, हा..."

"मला ठाऊक आहे. राहू दे." मग तिने डोळे उघडले. "घरात काय आहे खायला? किती दिवसांनी भूक लागलीय."

मी जाळी खाली ठेवली आणि कुकर लावला. वरण-भात तिने दोनदा मागून घेतला. स्वयंपाकघरात जाऊन मी ढसाढसा रडलो.

सोनोग्राफीच्या दिवशी डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. यंत्र बदलून पुन्हा पाहिलं. गाठ नव्हती. यकृत एखाद्या तरुण मुलीचं असावं तसं स्वच्छ होतं. मी सविताचा हात इतका दाबला की ती ओरडली.

पोटावरचं चिकट जेल पुसताना डॉक्टर थबकल्या. सविताच्या बरगडीखाली अर्धगोलात बारीक, पांढरे व्रण होते, एकसारख्या अंतरावर.

"आधी कुठे ऑपरेशन झालंय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "जुने टाके दिसतात. ज्याने घातलेत, त्याचा हात फार सफाईचा आहे."

सविताने माझ्याकडे पाहिलं.

"त्याला हात कुठे आहेत?" ती मराठीत पुटपुटली आणि कुडता खाली ओढून घेतला.