दंडपाणीची नवी डिस्क

इसवी सन २०६८पर्यंत मानवाने काळावर विजय मिळवला होता. फक्त औदुंबर सोसायटीच्या गेटवर जरा थांबावं लागे.

गेटवर दंडपाणी नावाचा रोबो होता. आलेल्याचा चेहरा तो आपल्या हार्ड डिस्कमध्ये (माहिती साठवणाऱ्या तबकडीत) शोधायचा आणि ओळख पटली की गेटचं बटण दाबायचा. डिस्क त्याच्या छातीतल्या ट्रेमध्ये (ओढून बाहेर काढता येणाऱ्या खोक्यात) बसवलेली होती. तो फार वेळ लावतो म्हणून समितीने ठराव केला : बाजारातली सर्वांत वेगवान डिस्क आणावी. तरीही फरक पडला नाही, तर रविवारी दंडपाणी भंगारात.

डिस्क आली, बसवली. फरक पडला नाही. एवढंच झालं, की सोसायटीची मांजर त्याच्या छातीला टेकून झोपू लागली.

दंडपाणी भंगारात जाणार याचं वाईट वाटणारी एकच व्यक्ती होती, चौथीतली ऋजुता. कॅरममध्ये हरूनही न चिडणारा दुसरा कुणी तिला माहीत नव्हता. ती तळमजल्यावरच्या नलूआजींकडे गेली. आजींचा सगळा जन्म संगणक जोडण्यात गेला होता.

“डिस्क नवी आणलीत. ट्रे?” आजींनी विचारलं.

“तोच. चांगला आहे, राहू दे म्हणाले.”

“बरं. सभेत इतिवृत्त कोण लिहितं?”

“खरवंडीकर काका. सगळे भराभर बोलतात आणि काका ‘थांबा, थांबा’ करतात. मग सगळे काकांच्या वेगाने बोलतात.”

“आणि नाही थांबलं तर?”

“काका भलतंच लिहितात. मागे टाकीऐवजी देशिंगकर काकूंना धुऊन घ्यायचं ठरलं होतं.”

“तेच. डिस्क आणि ट्रेमधलं सर्किट आधी एकमेकांना विचारतात, तुला किती वेग झेपेल? ज्याचा कमी, तो ठरतो. त्याहून जोरात माहिती पाठवली तर ती वाटेत बिघडते.”

“म्हणजे नवी डिस्क वाया गेली?”

“वाया कशाला? चालते की. जुनीसारखी चालते.”

ऋजुताने विचार केला. “मग मांजर?”

आजी पहिल्यांदाच हसल्या. “हे समितीने विचारायला हवं होतं. वेगवान तबकडी गरगर फिरते, म्हणून जास्त तापते. जुन्या ट्रेला हवा जायला भोकंच नाहीत. असंच राहिलं तर थोड्या दिवसांत डिस्क जाईल.”

शनिवारी दोघींनी भोकं आणि छोटा पंखा असलेला नवा ट्रे बसवला. दंडपाणीच्या बाकीच्या जोडण्यांना हा वेग झेपतो, हेही आजींनी तपासलं. मांजर उठून गेली.

रविवारी समिती गेटबाहेर जमली. खरवंडीकर काका अजून कोपऱ्यावरच होते. “नमस्कार, काका,” दंडपाणी म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

गेट नेहमीसारखंच सावकाश सरकू लागलं. सगळे त्याच्याकडे बघत राहिले. बघायला वेळ भरपूर होता.

“अरे, गेटचं कधी बोलला नाहीस?” तोवर येऊन पोहोचलेले काका म्हणाले.

“मला फक्त माणसं ओळखायला सांगितलंय,” दंडपाणी म्हणाला.

दंडपाणी राहिला. संध्याकाळी तो कॅरममध्ये हरला, आता पूर्वीपेक्षा लवकर. काहीही नवं आणलं की ते कशाला जोडायचंय हे आधी बघायचं, असं ऋजुताने कायमचं ठरवून टाकलं. समितीनेही धडा घेतला आणि गेटला बाजारातली सर्वांत वेगवान मोटर बसवायचा ठराव एकमताने मंजूर केला.

गेटची चाकं गंजलेली आहेत.