सत्यवतीचा खोकला

आमोण्याची सत्यवती नातवाला बघायला निघाली ती भरदुपारच्या बसने. सातव्या महिन्यातच जन्मलेलं वीतभर पोर इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तिच्याआधी विहीण जाऊन आली होती आणि "नाक अगदी आमच्याच घराण्याचं हो!" म्हणून गावभर सांगत सुटली होती. हे सत्यवतीने कसं सोसावं?

दारात सिस्टरने अडवलं. "आजी, खोकला-बिकला ना मगो? असला तर आत जायचं नाही."

आठवडाभर खोकून तिच्या बरगड्या दुखत होत्या. पण जिभेखालची लवंग दाबत ती म्हणाली, "ना गे बाये."

आत औषधांचा उग्र वास होता. सिस्टरने पेटीची झडप उघडून दिली आणि पाठ फिरवली. सत्यवती वाकली, आणि नेमका तेव्हाच खोकला उसळला. पदर तोंडावर घ्यायलाही उसंत मिळाली नाही. यंत्रांच्या घरघरीत कोणाला ऐकूही गेलं नाही.

त्या क्षणापासून तिचा खोकला गेला. सुंठीवाचून गेला म्हणा ना!

दोन दिवसांनी पोराला न्यूमोनिया झाला. डॉक्टर बाहेर आले. "फुप्फुसात जंतू शिरलेत. अवेळी आलेल्या बाळाच्या अंगात झुंजायचं बळ नसतं, त्याला धड खोकताही येत नाही. भेटायला आलेलं कोणी आजारी होतं? कळलं तर औषध ठरवायला बरं."

विहीण शेजारीच बसली होती. तिच्यासमोर सत्यवती कसं कबूल करणार?

एवढ्यात आतून खोकला ऐकू आला... जुनाट, छाती खरवडणारा, शेवटी "आई गे" म्हणून कण्हणारा.

सिस्टर दारात आली, चेहरा पांढराफटक. "कोण म्हातारं खोकलं?... आत तर भुरगीच आहेत, सगळी तान्ही..."

स्वतःचा आवाज कोणाला कळत नाही? शरमेने सत्यवती मेल्याहून मेली, पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

देवाची कृपा, पोर तगलं. घरी आलं, बारसं ठरलं. विहिणीने मोठ्या मनाने त्याला पुढे केलं. "घ्या विहीणबाई, पाळण्यात घालायचा मान तुमचा."

सत्यवतीने त्याला घेतलं. पोराने तिच्याकडे टक लावून पाहिलं, ओठ घट्ट मिटले... आणि श्वास घेईचना. ओठ निळे पडू लागले. भीतीने तिचाच श्वास अडकला, तशी पोराची छाती हलली.

तिने हळूच श्वास घेतला.

छाती थांबली.

पोराला विहिणीच्या ओटीत टाकून, श्वास कोंडून ती मागे मागे सरत अंगणापर्यंत गेली. "अहो, का पळता?... या ना, बघा कसा हसतोय!" विहीण हाका मारत होती. उत्तर द्यायचं तर श्वास घ्यावा लागला असता.