खिशातलं गिधाड

आभाचं गिधाड नाशकातल्या इंदिरानगरच्या एका बंगल्यात शिरलं होतं.

निदान रिसीव्हर तरी तसं म्हणत होता. अंजनेरीच्या कड्यावरच्या त्या मादीच्या शेपटीवर आभाने स्वतः अंगठ्याएवढा ट्रान्समीटर बसवला होता. गेले बरेच दिवस त्याचा आवाज बंद होता. आज घरच्या गॅलरीत रिसीव्हर साफ करताना तिने तो सहज चालू केला… आणि भर वस्तीतून टिक, टिक, टिक! जिवंत गिधाड बंगल्यात कशाला येईल?

माशाच्या काट्यासारखा अँटेना हातात धरून ती माग काढत गेली. बंगल्याचं दार सुमनबाईंनी उघडलं. त्यांना वाटलं, केबलवाली आली. आभा समजावून सांगत होती खरी, पण आवाज आतून बोलावत होता. चपला काढून ती बोलता बोलताच हॉलमध्ये पोचली.

तिथे मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. सुमनबाईंची वेदिका पोह्यांचा ट्रे घेऊन उभी, समोर देवळ्याहून आलेला हर्षल आणि त्याची आई साळूबाई. आभाने अँटेना वेदिकेकडे वळवला, आवाज मंदावला. साळूबाईंकडे वळवला, थोडा वाढला. हर्षलकडे वळवला आणि रिसीव्हर नुसता ठणाणा करायला लागला.

"माफ करा," आभा त्याला म्हणाली, "तुमच्या खिशात… माझं गिधाड आहे."

वेदिकेने ट्रे खाली ठेवला आणि तोंडाला ओढणी लावली. तिचे खांदे गदगदत होते.

हर्षलने मुकाट्याने खिशातून ट्रान्समीटर काढला. कांद्याच्या वावरात तो त्याला सापडला होता. कार्यक्रम उरकला की नाशकातल्या दुकानात दाखवू, म्हणून बरोबर आणलेला. शुभकार्यात गिधाड निघालं म्हटल्यावर सुमनबाईंनी पुढचं बोलणंच थांबवलं. पाहुण्यांना पोचवायला गेटपर्यंत आलेली वेदिका आभाला हळूच थँक्यू म्हणाली. तिला इतक्यात लग्नच करायचं नव्हतं.

आभाचं तिकडे लक्ष नव्हतं. ट्रान्समीटरला चिकटलेलं पीस कुठे आहे, एवढंच ती विचारत होती. पीस आपोआप गळलं असेल तर त्याचा देठ अखंड असतो, म्हणजे पक्षी ठीक आहे. आणि मोडलेलं असेल तर… हर्षल तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"पीस देवघरात ठेवलंय," साळूबाई ओशाळून म्हणाल्या. "मला वाटलं, गरुडाचं हाय. चल पोरी, दावते."

सून बघायला आलेली गाडी अशी पक्षी अभ्यासणाऱ्या बाईला घेऊन देवळ्याला परतली. साळूबाईंनी हात जोडून पीस बाहेर आणलं. देठ अखंड होता. आभा मटकन ओट्यावर बसली, हसली आणि रडलीही. हर्षलने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि ती सावरेपर्यंत पीस स्वतः जपून धरलं. ते तिला फार आवडलं.

त्यानंतर त्याचे फोन सुरू झाले. डोंगरावर गिधाड दिसतंय, लगेच या. आभा स्कूटर दामटत जायची. वर बघावं तर घार! पुढच्या खेपेला पुन्हा घार. त्याच्या पुढच्या खेपेलाही…

शेवटी बांधावर शेजारी बसून तिने विचारलंच. "अजून घार ओळखता येत नाही तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून येते."

"मग?"

"घार दिसली म्हणून बोलावलं असतं," हर्षल मातीकडे बघत म्हणाला, "तर आला असता तुम्ही?"

आभाने दुर्बीण डोळ्यांना लावली. आभाळात काहीच नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत राहिली. कान मात्र लाल झाले होते. "बोलावून बघायचं होतं," ती म्हणाली.

दोनच दिवसांनी फोन आला.

"आभा… अंगणात चिमणी आलीये."

"जाऊ देऊ नका तिला," आभा म्हणाली, "निघालेच मी."