चौथ्या मजल्यावरचं फडकं

उद्या टाकी धुणार, पाणी येणार नाही, एवढंच सांगायला मी संध्याकाळी दादामियाँकडे गेलो होतो.

आमची सोसायटी धायरीत, नाव ‘सागरकिनारा’. समुद्र घाट उतरून चार तासांवर. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, नावात काय कमी पडलं ते सांगा, बाकीचं नंतर बघू. दादामियाँच्या पत्नी बिलकिसभाभी श्रीवर्धनच्या. त्यांनी मात्र नाव ऐकूनच फ्लॅट पसंत केला होता. त्या वारल्यापासून दादामियाँ एकटेच राहतात.

पार्किंगवरून एकमेकांची तोंडं न पाहणाऱ्या आमच्या कमिटीने एक काम बरं केलं होतं. एकट्या राहणाऱ्याने सकाळी उठल्यावर दाराला बाहेरून पिवळं फडकं बांधायचं, रात्री सोडून आत न्यायचं. फडकं दिसलं की माणूस ठीक. नाही दिसलं, तर ऑफिसातली जादा किल्ली घेऊन आत जायचं.

दादामियाँच्या दाराला फडकं होतं. बेल दाबली, उत्तर नाही. पुन्हा दाबताना हात फडक्याला लागला. ओलं, गार. वास खारा, वाळत घातलेल्या जाळ्यासारखा. मी दाराला कान लावला. आत पाणी हळूहळू पुढे येत होतं, मागे सरत होतं... आणि त्यातून कुणीतरी कण्हत होतं.

मी फोन करताच आमच्या अध्यक्ष शर्मिलाताई किल्ली घेऊन धावत आल्या. दादामियाँ बाथरूमच्या उंबऱ्याशी पडले होते, पाय मोडलेला. फरशी कोरडी ठणठणीत.

“हाका मारल्या हो,” ते पुटपुटले. “सकाळी तुम्ही जिना उतरलात, सुदर्शनराव. पावलं ओळखली मी.”

“दाराला फडकं होतं...”

“काल रात्री फडकं सोडून आत आलो, तेव्हापासून इथे पडलोय. बांधणार कसं?” त्यांनी डोळे मिटले. “बिलकिस म्हणत होती, लोकांना कशाला त्रास...”

आणखी एक रात्र निघाली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

तातडीची सभा झाली. त्या मजल्यावरचा कॅमेरा उद्घाटनापुरता चालला होता. कमिटीतला विश्वजीत म्हणाला, कुणाचा तरी चावटपणा. कुणाचा, असं ताईंनी विचारल्यावर जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. शेवटी ठरलं, फडकं बंद. रोज सकाळी कमिटीतल्या कुणीतरी बेल दाबायची आणि खुद्द माणसाचा आवाज ऐकायचा.

दादामियाँ वॉकर घेऊन घरी आले. परवा माझी पाळी होती.

“मी बरा आहे,” आतून त्यांचा आवाज आला, चांगला खणखणीत. “या आता तुम्ही.”

समाधानाने वळलो, तोच लिफ्टचं दार उघडलं. शर्मिलाताई दादामियाँना दवाखान्यातून परत आणत होत्या.

“कुणाशी बोलत होतात?” ताईंनी विचारलं.

मी बंद दाराकडे बोट दाखवलं. दाराशी थांबून दादामियाँनी खोल श्वास घेतला आणि अगदी हळू म्हणाले, “आलो गं...” मग आत गेले. दार लागलं.

आज सकाळी मी पुन्हा बेल दाबली. “मी बरा आहे,” उत्तर लगेच आलं. किल्ली हातात धरून मी जिन्यातच उभा राहिलो.

उत्तर आलं नाही तर आत जायचं, हे ठरलेलं आहे. उत्तर आलं तर काय करायचं, यावर रविवारी सभा आहे.