मानपाड्याच्या विहिरीतले मासे

मानपाड्याला सरकारनं लोकल फंडातून विहीर दिली, आणि आठवड्याच्या आत तिच्यातले मासे उताणे तरंगले.

गावची रीत अशी, की नव्या विहिरीत आधी तळ्यातले मासे सोडायचे. ते जगले की पूजा, मग घागर. तोवर पाण्याला कुणी तोंड लावायचं नाही.

फौजदारानं काळुराम कातकऱ्याला बांधलं. पाण्यात झाडपाला टाकून मासे मारणं कातकऱ्यांना येतं, एवढा पुरावा त्याला पुरला. काळुरामची बायको हौसाबाई कल्याणला गंगाबाईंकडे धावली. लबाड्या उलगडण्यात गंगाबाईंचा हात धरणारं कल्याणात कुणी नव्हतं. त्या स्वतःच तसं सांगत. सोबत दीर प्रभाकरपंत आले. शिकलेले खूप, अक्कल मात्र घरी ठेवून निघणारे.

विहिरीचं पाणी बरंच उतरलं होतं. उघड्या दगडांवर पांढरं काही फुललेलं.

"चुना असेल, वहिनी."

"चाटून बघा."

"विष असलं तर?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

शेवटी गंगाबाईंनीच बोट जिभेला लावलं आणि थुंकल्या.

चावडीत बांधलेला काळुराम म्हणाला, "हीर मीच खनली, बाय. तळाला कोरडा खडक. ठेकेदार शेठ बोलला, पुरे. मंग पानी दिसलं."

गुणाजी पाटलानं सांगितलं, "साहेब तपासायला यायच्या आधी शेठच्या गाड्या रातभर चालत. चुना आणीत होते म्हणे."

ठेकेदार परशुरामशेठ हसला. "पाणी नसतं तर साहेबानं काम पास केलं असतं का, बाई?"

त्याचे बैल बाजूलाच उभे होते. गुडघ्यापर्यंत काळा चिखल वाळलेला. भोवती वैशाखाची जमीन भेगाळलेली.

गंगाबाई चावडीत सगळ्यांसमोर बोलल्या. "वैशाखात असला चिखल खाडीशिवाय कुठं आहे? गाड्यांवर चुना नव्हता, पाण्याच्या पखाली होत्या. खडक कोरडा, म्हणून शेठनं खाडीचं पाणी ओतून साहेबाला दाखवलं. ओतलेलं म्हणूनच ते उतरतंय. दगडावर फुललंय ते मीठ. तळ्यातले मासे खाऱ्या पाण्यानं मेले. आणि पूजेआधी कुणी घोट घेणार नाही, हे शेठला पक्कं ठाऊक. काळुरामला सोडा."

फौजदार शांतपणे म्हणाला, "खरं असेल, बाई. पण विहिरीला पाणी लागलं म्हणून साहेबांनी सही केलीय. ती खोटी कशी म्हणू? त्यापेक्षा विष बरं."

"आन् पानी?" हौसाबाईनं विचारलं.

"गावाला विहीर मिळालीय. दुसरी सरकार कशाला देईल?"

काळुरामला ठाण्याच्या तुरुंगाकडे नेलं. हौसाबाई वेशीपर्यंत मागं गेली, मग रिकामी घागर उचलून लांबच्या डबक्याकडे वळली.

गंगाबाई खोटं बोलल्या, असं चावडीत कुणीच म्हणालं नाही. म्हणालं असतं, तर भांडता तरी आलं असतं.