पहिला खांब

अठ्ठ्याण्णवचा पूर ओसरला आणि तापीवरच्या एका जुन्या पुलाचे पाये तपासायचं काम आमच्या ठेकेदाराकडे आलं. मी तेव्हा उधन्याला राहायचो. नावेत बसून दोर धरायचं काम माझं. पाण्यात उतरायचा सुपडू, आमच्याच शिंदखेड्याकडचा. गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. पायाभोवतीची वाळू पुरानं किती ओढून नेली, ते तो हातानं चाचपून यायचा.

त्या दुपारी ओहोटी संपून पाणी थबकलं, तेव्हा तो सातव्या खांबाशी उतरला. कमरेला साठ फुटी दोर, तोंडात हवेची नळी. पुलावरून ट्रक गेला की खांबातून घरघर खाली उतरायची. पाण्याला कुजक्या चिखलाचा वास होता.

दहा मिनिटांनी दोराला तीन हिसके बसले. मी त्याला वर ओढलं. नावेची कड धरून त्यानं तोंडातली नळी काढली. मग हळूच म्हणाला,

"तठे कोणीतरी शे, भाऊ..."

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. खांबाच्या पायाखालची वाळू गेली होती, आत कोपरापर्यंत हात जात होता. तिथंच कुणीतरी त्याचं मनगट धरलं आणि आंधळ्याला भिंत दाखवावी तसा हात फिरवत नेला. इथं पोकळ. इथंही. मग तळातून चालवत सहाव्या खांबाशी नेलं. तोही पोकळ. आणि तिथून जमिनीखालून काठावरच्या पहिल्या खांबाशी. तिथंही पोकळ.

सहावा खांब तिथून दीडशे फुटांवर होता. दोराचं टोक माझ्याच हातात होतं.

इंजिनिअर साहेब हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी सहाव्याचं माप घेतलं. सुपडूनं सांगितली होती तेवढीच वाळू गेलेली निघाली. पुलावरची वाहतूक बंद झाली. सुपडू गावी गेला, तो पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही.

पहिला खांब मात्र कुणी तपासला नाही. तो कोरड्यात होता, त्याला टेकून झोपड्या होत्या. मला चैन पडेना. दोन दिवसांनी मी तिथं गेलो. अगदी खांबालगतच्या घरात उषाबाई आणि त्यांची म्हातारी सासू राहायच्या. जमिनीचा भरवसा नाही, काही दिवस दुसरीकडे राहा, एवढंच मी सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. मला मोरीपाशी नेलं.

"महिना झाला," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "इथलं पाणी बाहेर जात नाही. खालीच जातं... पण पडल्याचा आवाज येत नाही."

त्यांनी मोरीच्या भोकात तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही दोघं वाकून ऐकत राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग खूप खालून, कुणी घोट घ्यावा तसा आवाज आला. थांबून आणखी एक.

उषाबाईंनी सासूला उठवलं. हाताला लागलं ते गाठोड्यात बांधून त्या तशाच सचिन गावाला, भावाकडे निघाल्या. म्हातारीला धरून आम्ही दारापर्यंत आलो, तरी मागे मोरीतून घोट ऐकू येतच होते.

पाणी तर तांब्याभरच ओतलं होतं.