रिकाम्या खोलीतले ढेकूण

नाशिक रोडच्या त्या वृद्धाश्रमात ढेकूण झाले, आणि ते कबूल करायला सगळ्यांनी आठ-नऊ महिने लावले. ढेकूण म्हटलं की अब्रूचा प्रश्न! घरात चोर शिरला तर माणूस गल्लीभर सांगत फिरतो, ढेकूण झाले तर शेजारणीलाही पत्ता लागू देत नाही. शेवटी एका आजोबांच्या सुनेनं अंथरुणाचा फोटोच काढला, तेव्हा कुठे औषध फवारणारा कुंदन आला.

आश्रमाची मुख्य सेविका संध्या त्याला खोल्या दाखवत होती. ऑक्टोबरची दुपार, म्हातारी माणसं सगळी जेवणघरात नेऊन बसवलेली. सहा खोल्या पटापट झाल्या. सातवीच्या दाराशी मात्र तिचे पाय अडले.

"ही राहू दे रे. बंदच असते."

"असं कसं ताई? एक खोली राहिली की सगळी मेहनत पाण्यात."

कुलूप निघालं. आत कोंदट, गोडसर वास. कुंदननं लाकडी पलंगाच्या सांध्यात पत्र्याची पट्टी फिरवली आणि कागदावर चार-पाच ढेकूण पडले. टम्म फुगलेले. एक चिरडला तसा लालभडक ठिपका उमटला.

"इथं कोण झोपतं?"

"कोणी नाही. फेब्रुवारीपासून कुलूप आहे."

"छे! उपाशी ढेकूण चपटा पडतो. हे ताजं रक्त आहे, कालचं."

"शेजारून आले असतील..."

"शेजारी तुमचं कोठार. तांदळाला रक्त असतं का ताई?"

तो हसला. संध्याला हसू येईना.

त्या पलंगावर निफाडकडच्या झुंबरबाई झोपायच्या. "पोरी, लय चावतंय गं," महिनाभर एकच धोशा. संध्यानं गादी उलटूनपालटून पाहिली, तीही भर दिवसा! ढेकूण कधी दिवसा तोंड दाखवतो? पण म्हातारी वारलेल्या नवऱ्यालाही चहा विचारायची, तेव्हा हाही भासच, असं संध्यानं ठरवून टाकलं. खाजवून खाजवून अंग रक्ताळलं, तेव्हा तिनं झुंबरबाईंच्या हातांत पायमोजे चढवले आणि मनगटाशी नाडीनं बांधले. त्यांच्याच भल्यासाठी, असं सगळ्यांना सांगितलं.

पाचव्या सकाळी झुंबरबाई गेलेल्या होत्या. नाडीवर दातांच्या खुणा होत्या. कुणी यायच्या आत संध्यानं मोजे काढून घेतले. त्या खुणांची गोष्ट तिनं आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. बाई खरं बोलत होती, एवढंच आता तिच्या डोक्यात घुमत होतं.

कुंदननं दाराशी येऊन मास्क गळ्यात अडकवला आणि एक कागद पुढे केला.

"यावर सही करा. खोलीत माणूस-जनावर कोणी नाही, असं लिहिलंय. औषध जहरी आहे. दाराला चिकटपट्टी मारली की उद्यापर्यंत उघडायचं नाही."

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. पलंगाकडून बारीक आवाज येत होता. खर्र... खर्र... कोरड्या कातडीवर कापड घासल्यासारखा.

"थांब..." संध्या म्हणाली, "मी त्यांना बाहेर घेऊन येते."

"कोणाला?"

ती आत गेली, पलंगाशी वाकली. "मावशी, चुकलं हो माझं. लय मोठी चूक झाली. चला... आता इथं नाही झोपायचं." तिनं हात पुढे केला.

आवाज थांबला. मग तिच्या कोपरावर हळूहळू भार आला. संध्यानं हात काढून घेतला नाही. एकेक पाऊल टाकत, मध्येच थांबत, ती दाराकडे निघाली.

दारात कुंदन गालातल्या गालात हसत होता. मग त्याचं हसू मावळलं. पाठीवरची टाकी सावरत तो भिंतीला चिकटला. संध्यानं उंबरा ओलांडला, तरी तो वाट सोडून तसाच उभा राहिला.

"सावकाश आजी..." तो पुटपुटला. "उंबरा आहे."

संध्याची मान काही त्या बाजूला वळली नाही. कुठल्या तोंडानं बघणार होती?